कोपऱ्यातलं मशीन

ती गेल्याचं आधी बोक्याला कळलं. नवऱ्याला नंतर.

झालं असं, की सकाळी कामावर निघालेली ती बसथांब्यावरच कोसळली. लोकांनी तिला दवाखान्यात नेलं, तिच्या फोनवरून शेवटी ज्या नंबरला फोन गेला होता तोच कोणीतरी लावला आणि तो निघाला बोक्याचा. त्या वेळी तिचा नवरा संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, छताच्या पोकळीत डोकं खुपसून वायर ओढत होता. शिडीखाली कोणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. बघतो तर बोका. चेहरा पांढराफटक.

"दादा, खाली या."

"दोन मिनिटं. एवढी वायर ओढतो आणि..."

"वायर राहू द्या. बाईंना बरं नाहीये. दवाखान्यात नेलंय."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

बायकोला दवाखान्यात नेलंय म्हटल्यावर माणूस 'कुठे?' विचारतो, 'काय झालं?' विचारतो. याने विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं. दोघं पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. पण ते वाक्य काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही. त्याची लाज वाटायची, आणि लाज वाटून झाली की पुन्हा तेच मनात यायचं. बोक्यालाच का?

नवरा त्या प्रशिक्षण संस्थेचा वायरमन. ती तिथल्या संगणक खोलीची प्रमुख, सगळ्यांची 'बाई'. बोका तिचा सहायक. वयाने दोघांपेक्षा मोठा, दोन मुलींची लग्नं केलेला, चालताना पावलांचा आवाज म्हणून न करणारा. त्यावरूनच वायरमनने त्याचं मनातल्या मनात बारसं केलं होतं. एकदा बायकोला ते नाव सांगितलं, तर हसायचं सोडून ती म्हणाली, "चांगला माणूस आहे हो तो." तेव्हापासून तो त्याला जास्तच बोका दिसायला लागला.

संगणक खोलीत तीन रांगांत चाळीस मशीन होती. दोन-तीन वर्षांनी सगळ्यांवर नवीन कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बसवावी लागायची. पूर्वी हे काम एकेका मशीनपुढे बसून चालायचं आणि आठवडा खायचं. तिने ते वायरीवरून करायला सुरुवात केली. कपाटात एक सर्व्हर, त्याच्यावर सगळं सामान, आणि चाळीस मशीन एका दुपारी तयार. वायरी अर्थात नवऱ्याने टाकलेल्या. हे तो चारचौघांत आवर्जून सांगायचा.

ती पद्धत तिने आधी घरी जमवली होती, जेवणाच्या टेबलावर. एक जुनं मशीन सर्व्हर म्हणून, एक लॅपटॉप समोर, आणि ताटं मांडीवर. समजावून सांगायची तिला हौस होती.

"हे बघा, मशीन जागं होतं तेव्हा त्याला आपण कोण, कुठे, काही माहीत नसतं. ते वायरीवर हाक मारतं, कोणी आहे का? ज्याचं उत्तर आधी येईल त्याच्या मागे निमूट जातं."

"आणि दोघांनी उत्तर दिलं तर?"

"मग घोळ. म्हणून एका घरात एकच सर्व्हर."

बसवताना मशीन शंभर प्रश्न विचारतं. भाषा कोणती, वेळ कुठली, डिस्क पुसू का. चाळीस ठिकाणी उभं राहून उत्तरं कोण देत बसणार? म्हणून ती सगळी उत्तरं आधीच एका फाइलीत लिहून ठेवायची. मग मशीन काही विचारत नाही. गुमान पुसतं आणि गुमान बसवतं.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी नवीन तुकडी येणार म्हणून प्राचार्यांनी मशीनचं काम काढलं. वायरमन न बोलावता त्यांच्या खोलीत गेला.

"साहेब, हे मी करतो. घरी मी तिच्याबरोबर बसलोय. मला येतं."

"अहो, येत असेल हो. पण यांनी बाईंबरोबर तीन वेळा केलंय. सोमवारी करतीलच ते. तुम्ही वायरींकडे बघा."

बोका तिथेच होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "दादा, वाईट वाटून घेऊ नका. सोमवारी बरोबरच करू. बाईंची फाइल बघायचीय का तुम्हाला?"

बघायची नव्हती असं नाही. बोक्याने फाइल उघडली. मशीनच्या भाषेतल्या ओळी, आणि मधेमधे, मशीन वाचत नाही अशा जागी, तिने मराठीत लिहिलेल्या सूचना.

'गुरुजी, ही ओळ तुम्ही बदलता आणि मग माझ्या नावाने खडे फोडता. हात लावू नका.'

'इथे दहा मिनिटं काहीच हलणार नाही. घाबरून बटण दाबू नये. चहा पिऊन यावा. माझाही आणावा.'

'शाबास गुरुजी. इथवर आलात म्हणजे नोकरी शाबूत.'

बोका वाचता वाचता हसला आणि मग त्याने डोळे पुसले. वायरमन हसलाही नाही आणि रडलाही नाही. त्याच्या मनात जे आलं त्याला नाव एकच होतं, आणि ते चांगलं नव्हतं. घरी ती त्याला 'अहो' म्हणायची. बस, अहो. तिच्या हातची एक चिठ्ठी घरात होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'गॅसवाला येईल.' आणि इथे या माणसाला गुरुजी काय, शाबास काय!

"बाईंच्या मशीनमध्येही असं काही असेल," बोका म्हणाला. कोपऱ्यात तिच्या टेबलावर तिचं स्वतःचं मशीन होतं. "बरंच काही लिहीत बसायच्या. पासवर्ड आहे माझ्याकडे. सोमवारी दोघं मिळून उघडू?"

पासवर्ड आहे माझ्याकडे. वायरमन म्हणाला, "मला काही बघायचं नाही," आणि निघून आला.

पण घरी आल्यावर दुसरं काही सुचेना. त्या मशीनमध्ये आपल्यासाठी काही असेल का? एक ओळ तरी? की तिथेही सगळं गुरुजी, गुरुजी?

शनिवारी मेहुणी डबा घेऊन आली. बहिणीसारखीच फटकळ.

"दाजी, तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

त्याने सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला.

"गेलेल्या माणसावर संशय घेता?"

"संशय नाही गं. तसं काही नव्हतं, एवढं कळतं मला."

"मग?"

"जळतंय. तिची गंमत त्याच्या वाट्याला गेली. माझ्या वाट्याला गॅसवाला आला."

मेहुणीला हसू फुटलं, मग तिने ते गिळलं. "तुम्ही तरी कधी तिची गंमत केलीत? ती बोलायला लागली की तुम्ही 'हं' म्हणायचात. मी मोजलेत ते हं. आता उगाच काही करू नका. सोमवारी जा, त्यांच्याशेजारी बसा, आणि काय असेल ते बघा."

"हं," तो म्हणाला.

रविवारी दुपारी त्याने घरचं जुनं मशीन पिशवीत घातलं आणि संस्थेत गेला. पहारेकरी ओळखीचा, वायरीचं काम आहे म्हटल्यावर त्याने किल्ली दिली. मनात हिशोब सरळ होता. सोमवारी बोका येईल तेव्हा चाळीसच्या चाळीस मशीन तयार असतील. तिचं काम तिच्या माणसाने केलेलं असेल. मग त्याच्याकडे बघून नुसतं म्हणायचं, झालं.

त्याने घरचा सर्व्हर जोडला आणि खोलीचं मुख्य बटण दाबलं. वीज आली की सगळी मशीन आपोआप जागी व्हायची. ती सोय तिनेच केलेली. चाळीस पडदे उजळले. पहिल्या रांगेत त्याच्या सर्व्हरची पांढरी पाटी आली. त्याला इतकं बरं वाटलं, की त्याने रिकाम्या खोलीत 'शाबास' म्हटलं.

दुसऱ्या रांगेत मात्र मधेच निळी पाटी. तिसऱ्यात तर निळ्याच जास्त. निळी पाटी तिच्या सर्व्हरची. तो कपाटात चालूच होता आणि मशीननी हाक मारली की तोही उत्तर देत होता, काही ठिकाणी याच्या आधी. कपाटाला कुलूप होतं, किल्ली बोक्याकडे.

तिने सांगितलेलं त्याला आठवलं नाही असं नाही. एका घरात एकच सर्व्हर. पण त्याला त्या कपाटात सर्व्हर दिसतच नव्हता, बोका दिसत होता. कपाटाची वायर भिंतीतून कुठे येते ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? स्वतःच्या हाताने बसवलेली वायर त्याने स्वतःच्या हाताने उपटली. मुख्य बटण बंद करून पुन्हा दाबलं. या खेपेला सगळीकडे पांढरी पाटी. तो खुर्चीवर बसला आणि रांगा बघत राहिला.

कोपऱ्याकडे त्याची पाठ होती.

तिचं मशीनही इतरांसारखंच आधी वायरीवर हाक मारायचं. नवीन काही असलं की ते आधी ती त्याच्यावरच करून बघायची ना. म्हणून तिच्या सर्व्हरवर एक यादी होती आणि त्या यादीत लिहिलेलं होतं, की हे मशीन हाक मारेल तेव्हा त्याला सांगायचं, तुझं तू उघड. त्याच्या घरच्या सर्व्हरवर अशी यादी नव्हती. जेवणाच्या टेबलावर एकच लॅपटॉप होता, यादी कशाला लागते? तो सर्व्हर जो विचारेल त्याला एकच उत्तर देत होता. डिस्क पूस.

त्याने मान वळवली तेव्हा कोपऱ्यातल्या पडद्यावर, किती पुसलं ते दाखवणारी पट्टी निम्म्यावर आली होती. खुर्ची पाडत तो धावला आणि वायर ओढली. पडदा काळा झाला.

तो तसाच उभा असताना दार उघडलं. तिच्या सर्व्हरचा संपर्क तुटला की बोक्याच्या फोनवर निरोप जायचा. बोका धावत आला होता. पहिल्यांदाच त्याच्या पावलांचा आवाज झाला. त्याने रांगा बघितल्या, पिशवी बघितली, उपटलेली वायर बघितली. मग कोपरा.

"हेसुद्धा?"

वायरमनने मान डोलावली.

बोक्याने पडलेली खुर्ची उचलून सरळ ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काय होतं त्यात?" वायरमनने विचारलं. "तुम्हाला माहीत असेल. सांगा ना. माझं काही होतं का?"

"मला काय माहीत? मी उघडलंच नाही."

"पासवर्ड होता ना तुमच्याकडे?"

"होता. पण दादा, तुमच्या बायकोचं मशीन तुमच्याशिवाय मी कसं उघडणार?"

वायरमन तिच्या खुर्चीवर बसला. दोन महिने ज्याचा हेवा केला, त्या माणसाजवळही ते नव्हतं. आता कोणाजवळच नव्हतं. आणि इतकं सगळं होऊनही मनाच्या तळाशी, बोक्यालाही माहीत नाही, याचं एक बारीकसं समाधान हललंच. त्याची त्याला किळस आली.

बोक्याने मशीन उघडून डिस्क काढली आणि रुमालात गुंडाळून त्याच्या हातात दिली. "निम्म्यावर थांबवलंत ते बरं केलंत. पुसलेल्यातलं थोडंफार परत काढणारी माणसं असतात. एक आहे माझ्या माहितीत. नंबर देऊ?"

"तो काढणार, म्हणजे आधी तोच वाचणार?"

"वाचेल थोडं. त्याशिवाय आलं की नाही ते कसं कळणार?"

वायरमनने नंबर लिहून घेतला.

सोमवारी दोघांनी मिळून काम केलं. एकतीस मशीन झाली, नऊ रविवारच्या घोळात अडकली आहेत, ती या आठवड्यात होतील. डिस्क त्याच्या घरी आहे. त्या नंबरवर त्याने अजून फोन केलेला नाही.