प्रश्नचिन्हांच्या जागी ल

कौशिकला मी त्याच्या गिंडीच्या ऑफिसात, चार लोकांदेखत झापलं. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

सरोजाक्का चेन्नईत टी. नगरला आमच्या शेजारी राहायच्या. त्या आपल्या तंजावरी मराठीत बोलत आणि मी जुन्या फॉन्टात ते जसंच्या तसं टाइप करत जाई. अक्का गेल्या. त्यांची मुलगी विद्यालक्ष्मी तमिळमध्येच वाढलेली. आईचं बोलणं वाचता यावं म्हणून ती या वयात देवनागरी शिकली. तिच्या फोनवर ते दिसावं, एवढ्यासाठी सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा होता. कौशिक माझ्या मैत्रिणीचा मुलगा, कॉम्प्युटरवाला. मोठ्या विश्वासाने त्याच्याकडे दिला.

त्याच्या प्रोग्रामला जुन्या फॉन्टातला ळ ओळखताच येईना. जिथे ळ, तिथे प्रश्नचिन्ह. मला एक फोन करायचा की नाही? या शहाण्याने एका फटक्यात सगळ्या प्रश्नचिन्हांच्या जागी ल घातला, मूळ फाइलवरच. कॉपी ठेवली नाही, आणि माझ्याकडेही दुसरी नव्हती. वर विद्यालक्ष्मीला पाठवूनही मोकळा झाला.

"काकू, ल काय नि ळ काय, कळतं ना वाचताना," म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "चेन्नईत जन्मलास ना? तमिळमध्ये पल्ली म्हणजे पाल आणि पळ्ळी म्हणजे शाळा. तू नक्की कुठे शिकलास?"

अक्कांचे कित्येक शब्द दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हते. त्यांत ल होता की ळ, आता विचारायचं कुणाला? संताप संताप झाला. माफी मागायला म्हणून रविवारी त्याला विद्यालक्ष्मीकडे ओढतच नेलं.

आम्ही तोंड उघडायच्या आत तिने हौसेने फोन पुढे केला आणि बोट ठेवून सावकाश वाचलं, "विद्या, जेवलीस काल."

मी वाकून ती ओळ बघितली. ळ सोडाच, अक्कांची खरी प्रश्नचिन्हंही त्याने पुसली होती.

"अम्मा रोज विचारायची," विद्यालक्ष्मी म्हणाली. "मला आपलं वाटायचं, ती 'जेवलीस का' म्हणते. माझा कान पडला तमिळ. एवढी वर्षं चुकीचंच ऐकलं मी."

कौशिक खाली बघत होता.

"वर बघ," मी म्हटलं, "आणि तिला सांग, कोण चुकलं ते."