दोघांचा मार खाल्लेला माणूस

"तुम्हीच सांगा पितेलकाका, ठोसा कुणाचा भारी? श्विताचा की कोसेकचा? दोघांचाही मार खाल्लेला माणूस आता गावात तुम्ही एकटेच!"

सोव्हा मास्तरांनी माईकवरून असं विचारलं आणि खाण कामगारांच्या क्लबात जमलेली साठ-सत्तर माणसं एकदम मागं वळली. शेवटून दुसऱ्या रांगेत योआखिम पितेल मांडीवर टोपी घेऊन बसला होता. अंगात काळा कोट. हा कोट त्यानं याआधी घातला होता तो बायकोला, ओतिलियाला, मातीत ठेवताना, त्याला आता चार वर्षं होऊन गेली. तेव्हापासून पोस्टमन आणि वर्षातून एकदा धुराडं साफ करणारा, यांच्याशिवाय त्याच्या दारावर कुणी थाप मारली नव्हती. मागच्या आठवड्यात खुद्द सोव्हा मास्तर तीन जिने चढून आमंत्रण द्यायला आले, तेव्हा त्याची नुसती धांदल उडाली. चहा केला, केक नव्हता म्हणून पावाला जॅम लावला. मास्तर गेले तरी त्यांचा ग्लास त्यानं दोन दिवस विसळला नाही. टेबलावर दोन ग्लास बरे दिसत होते.

भांडण तसं जुनंच. गेरार्ड श्विता आणि एडमुंड कोसेक, दोघं एकाच खाणीतले, एकाच क्लबाचे, आणि दोघंही देशाचे चॅम्पियन. आता क्लबाच्या हॉलवर नवं छप्पर चढलं, तर नाव कुणाचं द्यायचं? एकाच गावात दोन चॅम्पियन निपजले म्हटल्यावर गावाला सुख कुठलं! निम्मं गाव श्विताचं, निम्मं कोसेकचं. श्विता वारल्याला नऊ वर्षं झाली होती. कोसेक मात्र पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून हजर होता.

मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांनी भिंतीवर मोठा तक्ताच लावला होता. श्विता: लढती दोनशे अठ्ठेचाळीस, विजय दोनशे एकोणीस, राष्ट्रीय विजेतेपदं पाच. कोसेक: लढती दोनशे एकतीस, विजय दोनशे चार, विजेतेपदं चार, पण वर युरोपचं रौप्यपदक. टक्केवारी काढावी तर दोघंही मेले अठ्ठ्याऐंशीवर येऊन थांबत होते.

"श्वितानं वीस वर्षं पोरांना शिकवलं!" हुबर्ट ओरडला. हुबर्ट म्हणजे श्विताच्या बाजूची तोफ. "कोसेकनं काय केलं? टॅक्सी चालवली!"

"आणि तू पिऊन पडलास की तुला घरी कोण आणून टाकायचं रे?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. कोसेकही हसला.

"दोघं आपसात कधी लढलेच नाहीत, हीच तर पंचाईत," मास्तर म्हणाले. "प्रशिक्षकांनी त्यांना मुद्दाम वेगवेगळ्या वजनगटांत ठेवलं. म्हणून मी जुनी दफ्तरं उपसली. म्हटलं, दोघांशीही लढलेला कुणी सापडतो का बघू. सापडला! एकच." त्यांनी छडी तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर ठेवली. "योआखिम पितेल, वीटभट्टी क्लब. श्विता त्याच्याशी तीन फेऱ्या लढून गुणांवर जिंकला. कोसेकनं दुसऱ्या फेरीत नॉकआउट केला. माणूस तोच. एकानं हरवला, दुसऱ्यानं झोपवला. याहून चांगलं माप कुठलं? हा तक्ता मी इथं भिंतीवर रंगवूनच घेणार आहे, कायमचा."

कोसेकच्या बाजूनं टाळ्या पडल्या. योआखिम त्या ओळीकडे बघत राहिला.

वीटभट्टीचा क्लब गरीब. लीगमध्ये वजनगट दहा आणि यांच्याकडे माणसं कशीबशी आठ. गट रिकामा गेला की समोरच्याला आयते गुण. म्हणून ज्या वजनाचा माणूस नाही, तिथं योआखिमला उभं करायचं. कधी दोन दिवस उपाशी राहून तो खालच्या गटात बसायचा, कधी पोटभर पाणी पिऊन वरच्या. त्रेसष्ट लढतींत सव्वीस जिंकला, म्हणजे काही फार नव्हे. पण तो खाली पडत नसे. "पितेल उभा राहतो," असं लोक म्हणायचे आणि ते ऐकून भट्टीवर विटा उचलताना त्याची छाती जरा पुढं यायची. त्या एका रविवारपर्यंत.

"बोला ना काका!"

योआखिम उठला. दोघंही भारी होते, एवढं म्हणायचं आणि खाली बसायचं, असं तो घरून ठरवून आला होता.

"मला कुणी नॉकआउट केलं नाही," तो म्हणाला. "मी उठलो नाही."

"मग तेच की!" हुबर्ट हसला.

"तेच नाही. उठता येत होतं. उठलो नाही."

आणि मग तो सांगत सुटला. हे त्यानं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. चौसष्ट सालचा नोव्हेंबर. ओतिलिया जिल्ह्याच्या इस्पितळात, बाळंतिणींच्या वॉर्डात. त्या काळी तिथं पुरुषाला पाऊल टाकू देत नसत. बायका वर खिडकीत, नवरे खाली आवारात माना वर करून. ओतिलियासारख्या ताप असलेल्या बायकांना तर खिडकीशीसुद्धा फक्त रविवारी, दोन ते चार. आदल्या रविवारी योआखिमची बाहेरगावी लढत होती, म्हणून तो इस्पितळात गेला नाही. गुरुवारी मूल जन्मलं ते मेलेलंच. मुलगी होती. शुक्रवारी तो धावत गेला, तर रखवालदारानं फाटकातूनच परत पाठवलं, रविवारी या म्हणून. इकडे प्रशिक्षक गळ्यात पडला: बाबा रे, गट रिकामा गेला तर आपण लीगमधून बाद. तुझी लढत साडेअकराला आटपेल, बारा वीसची बस आहेच. पण रविवारी सकाळी खाणीचे बडे पाहुणे आले, त्यांनी भाषणं ठोकली, फुलं दिली-घेतली, आणि सगळंच लांबलं. कोसेकचा डाव्या हाताचा हूक बसून योआखिम गुडघ्यावर आला, तेव्हा समोरच्या घड्याळात बारा वाजून सात मिनिटं झाली होती.

"डोकं साफ होतं," तो म्हणाला. "पंच दहापर्यंत मोजत होता, त्याचा एकेक आकडा ऐकू येत होता. म्हटलं, उठलो तर ही फेरी, मग तिसरी, मग निकाल. बस गेलीच. मागच्या रविवारी ती दोन तास उभी राहिली होती खिडकीत. आठ म्हणाले तेव्हा अंग आपसूक उठायला लागलं होतं. मीच उठू दिलं नाही."

मधूनच एक आवाज आला, "अहो काका, झोपलेला प्रत्येक जण असंच सांगतो हो!" आणि हॉल हसला. तसं वाईट नव्हतं ते हसणं, म्हाताऱ्याचं कौतुक केल्यासारखं होतं.

"ऐकलंत? नॉकआउट खोटा! नाव श्विताचंच!" हुबर्टनं लगेच पोळी भाजून घेतली.

"जा रे! चाळीस वर्षांनी बस आठवली होय?" कोसेकच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं.

सोव्हा मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "काका, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण नोंद ती नोंद. पंचांची सही आहे, डॉक्टरांचा शिक्का आहे. तुमच्या म्हणण्याला साक्षीदार कोण?"

साक्षीदार होती. ओतिलियानं तिसऱ्या मजल्यावरून त्याच्या हातावरच्या, लढतीसाठी बांधलेल्या आणि न सोडलेल्या पट्ट्या पाहिल्या होत्या. घरी आल्यावर एकदाच विचारलं होतं, "मोजू दिलंस ना?" त्यानं मान हलवली होती. पुढं पस्तीस वर्षांच्या संसारात ना मूल झालं, ना तो विषय पुन्हा निघाला.

योआखिम खाली बसला. कशाला बोललो, असं त्याला झालं. ओतिलियाला त्या इस्पितळाच्या झग्यात इथं सगळ्यांसमोर आणून उभं केलं आणि लोकांना हसू दिलं, असंच त्याला वाटत राहिलं.

हात वर झाले. कोसेकला एक्केचाळीस, श्विताला सव्वीस. मिटलं. बिअरची पिंपं उघडली, खसखशीचा केक फिरू लागला, हुबर्टसुद्धा दोन तुकडे घेऊन बसला. योआखिम टोपी घालून दाराकडे निघाला, तेवढ्यात पेपरची फोटोग्राफर मुलगी आडवी आली.

"काका, एक फोटो! तुम्ही दोघं एकत्र. कोसेककाका, तुमची मूठ यांच्या जबड्याला लावा. हां, अश्शी!"

कोसेकनं काठी खुर्चीला टेकवली आणि डावा हात उचलला. दुखण्यानं हात सारखा थरथरत होता. एका गावात राहून दोघं एवढ्या जवळ त्या रविवारनंतर आजच उभे राहत होते. चर्चच्या दारात भेटले तर टोपीला हात, एवढाच त्यांचा व्यवहार.

"तो ठोसा अर्धाच लागला होता," कोसेक ओठांतल्या ओठांत म्हणाला. "हाताला कळतं रे."

योआखिम कॅमेऱ्याकडेच बघत राहिला.

"मला वाटलं, घाबरलास. एवढी वर्षं तेच वाटत होतं. बोललो नाही कुठं. माझ्या सोयीचं होतं ना."

"असू दे."

"दिसली का ती? खिडकीत?"

चार वर्षांत ओतिलियाबद्दल योआखिमला कुणी काही विचारलं नव्हतं.

"दिसली," तो म्हणाला. "चार वाजेपर्यंत उभी होती. नर्स ओढत होती, तरी."

कोसेकनं मूठ खाली घेतली.

"अहो, हात वर! वर घ्या ना काका!"

"नाही. असाच काढ."

"असा कसा? चॅम्पियन कोण ते कळायला नको?"

कोसेक हटेना. आजूबाजूची माणसं बघायला लागली. मास्तर हातातली बशी ठेवून इकडं निघाले. कोसेकची हनुवटी हलू लागली होती. आणखी क्षणभरात हा सगळ्यांसमोर काहीतरी बोलून बसणार, आत्ता मिळालेलं नाव हातचं घालवणार, हे योआखिमला स्वच्छ दिसलं. तो एक पाऊल पुढं सरकला. कोसेकचा थरथरणारा हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतला, उचलला आणि ती मूठ आपल्या जबड्याला लावली. हात हलू नये म्हणून मनगट घट्ट धरून ठेवलं.

"काढ गं पोरी," तो म्हणाला.