कुंडावरची जनसुनावणी

आमच्या वस्तीत सभागृह आहे, पण तिथे सभा घेत नाहीत. खुर्च्या फार गार असतात. सभा भरते गरम पाण्याच्या कुंडाच्या काठावर, पाय पाण्यात सोडून. नियम एकच. पाय पाण्यात आहेत तोवर बोलायचं, बाहेर काढले की गप्प बसायचं. त्यामुळे आमच्या सभा लांबत नाहीत.

जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करणाऱ्या कंपनीचे साहेब आले, त्यांनी नियम ऐकून घेतला, बूटमोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चाळीस पानी अहवाल वाचायला घेतला. नवव्या पानापर्यंत त्यांचे पाय टोमॅटोसारखे झाले होते, तरी लोकसहभागाचं महत्त्व सांगणं चालूच होतं. माणूस चिवट.

समोर धुलाईवाली मावशी बसली होती. तीस वर्षं ती ह्याच पाण्यावर साऱ्या वस्तीचे कपडे धुते. कंपनीनं शेजारी बोअर मारल्यावर कुंड गार पडलं, तर तिचा धंदा बसणार. तिनं विचारलं, पाण्याचं काय ते कुठल्या पानावर आहे?

"छत्तिसाव्या," साहेब दात आवळून म्हणाले. "तापमानात किंचित घट संभवते."

"किंचित म्हणजे किती?"

"मावशी, तुम्ही म्हणाल तेवढी. सही कुठे करू?"

माझ्या मेहुण्यानं तत्परतेनं पेन पुढे केलं. मावशीनं ते काढून घेतलं.

"पोळलेल्या माणसाची सही मला नको. उद्या म्हणाल, चटके देऊन घेतली. आधी पाय काढा, मग बोला."

नियम मोडायची ही पहिलीच वेळ. साहेबांना गार पाण्याची बादली मिळाली आणि दोन तास शांतपणे घासाघीस झाली. बोअर टेकडीपलीकडे मारायचा आणि कुंड गार पडलं तर काम बंद, इथवर जमलं. पण गार पडलं हे ठरवणार कोण? साहेब म्हणाले, आमचं यंत्र. मावशी म्हणाली, माझं कोपर. यंत्र कंपनीचं, म्हणून वस्तीचा विश्वास नाही. कोपर मावशीचं, म्हणून कंपनीचा नाही. शेवटी करारात दोन्ही घातली, आणि वाद झाल्यास कोपराचा शब्द अखेरचा.

साहेब लिहिता लिहिता थांबले. कोपर कुठलं?

"डावं लिहा," मावशी म्हणाली. "उजव्याला इस्त्रीचा चटका बसल्यापासून ते जरा वाढवून सांगतं."