डब्यात आठ चिठ्ठ्या

साधं राहायचं ठरवल्यापासून आमच्या घरात जितकी भांडणं झाली, तितकी आधीच्या वीस वर्षांत झाली नव्हती.

आम्ही चौघं. मी लिफ्टचा मेकॅनिक. थोरली सतरा वर्षांची, धाकटी दहाची, आणि सासूबाई. त्यांचं वय विचारायचं नाही. माझी बायको जाऊन चौदा महिने झाले. तिच्या आजारपणात सासूबाई पंधरा दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या, त्या राहिल्याच. त्या राहिल्या म्हणून घर चाललं, हे मला मान्य आहे. त्यांच्यासमोर मी ते बोलत नाही, कारण मग त्या डोक्यावर बसतील.

आमच्या कंपनीने तीन लहान गावांतल्या शाखांसाठी माणसं मागवली. पगार तोच, काम निम्मं. फॉर्मवर एकाच गावाचं नाव लिहून सोमवारी सकाळी द्यायचं. नाही दिलं तर पुन्हा कधी विचारतील ते आमच्या सुपरवायझरलाही माहीत नव्हतं. मी घरी सांगितलं की इथे जीव मेटाकुटीला आलाय, सहावा मजला, पाण्याच्या वेळा, खाली रात्रंदिवस हॉर्न. लहान गावात जाऊ, साधं राहू. आणि वर म्हणालो, "तुमची आईसुद्धा हेच म्हणायची."

ते अर्धंच खरं होतं. ती असं काहीतरी म्हणायची, पण मी निघायला बघत होतो ते त्यासाठी नाही. शहरातल्या ज्या हॉस्पिटलात ती गेली, त्याच्या दोन लिफ्ट माझ्याकडे आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मला तिथे जावं लागतं. आधी मशीन रूम, मग लिफ्टच्या टपावर उभं राहून एकेक मजला खाली यायचं. चौथ्या मजल्यावर थांबून बघायचं की लिफ्टची लादी मजल्याच्या बरोबरीत लागते की नाही, म्हणजे स्ट्रेचरचं चाक अडकत नाही. चौथ्यावरून तळाला यायला तिला एकोणीस सेकंद लागतात. ते मीच मोजून लावलेले आहेत. त्या दिवशी हिला खाली आणताना मी त्याच लिफ्टमध्ये उभा होतो.

घरी हे कोणाला माहीत नव्हतं. मुलींना वाटायचं मी फक्त ऑफिसांच्या इमारती बघतो.

असो. तर साधं आयुष्य. थोरलीला साध्या आयुष्यात चांगलं कॉलेज हवं होतं, इंटरनेट हवं होतं आणि खिडकीतून डोंगर दिसायला हवा होता. धाकटीला स्वतःची खोली, एक मांजर आणि इथल्या तिन्ही मैत्रिणी हव्या होत्या. सासूबाईंना तळमजला हवा, औषधांचं दुकान चालत जाण्याइतकं जवळ हवं, शेजारी बोलका हवा पण चौकस नको. मी म्हटलं, अहो, एवढं सगळं मिळालं तर त्याला साधं का म्हणायचं? सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुम्हाला काय हवंय ते सांगा ना." मी म्हटलं, मला काही नको. "मग गप्प बसा," त्या म्हणाल्या.

तीन रविवार आम्ही तीन गावं बघितली.

पहिलं डोंगरातलं. बसमधून उतरलो तर समोर चढ, चढ संपला की उतार, उतारावर घरं आणि घरांना पुन्हा पायऱ्या. सासूबाई अर्ध्या वाटेत एका दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझी माती इथेच करा." थोरली मात्र कॉलेजच्या फाटकाला धरून उभी राहिली ती हलेना. तिला ओढून आणावं लागलं. त्या गावाचं नाव आमच्यात पडलं 'उतार'. तिथे आमच्या कंपनीचं मुख्य काम म्हणजे एक मोठं हॉस्पिटल. मी बघून घेतलं होतं.

दुसरं समुद्राकाठचं. सासूबाई वाळूत खुर्ची टाकून अशा बसल्या की जणू भाडं भरून आल्यात. थोरली म्हणाली, इथे हॉटेलांत वेटर होण्यापलीकडे मी काय करू? "तुम्ही इथे आलात तर मी हॉस्टेलला जाईन, स्पष्ट सांगते." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "आणि उतारावर गेलात तर मी मुलाकडे जाईन, मीही स्पष्ट सांगते." परतीच्या पाच तासांत बसमध्ये दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. जे बोलायचं ते माझ्यामार्फत. "आजीला सांग खिडकी लाव." "तिला सांगा, उघडीच राहू दे." मला अगदी नकोसं झालं. तिघींना बरोबर घेऊन मी जायला निघालो होतो, आणि गाव ठरायच्या आत दोघी घर सोडून चालल्या होत्या.

तिसरं गाव सपाट. चारी बाजूंनी बटाट्याची शीतगृहं, मधे एक लांब बाजार, आणि सगळ्यावर धूळ. बघण्यासारखं काही नाही. लिफ्ट एकूण अकरा, अकराच्या अकरा मालवाहू. मी एका शीतगृहात डोकावलो. पिंजऱ्याचा दरवाजा, हाताने ओढायचा, आत पोत्यांच्या थप्प्या. तिथला मुकादम म्हणाला, "बिघडली तर बिघडली, बटाट्यांना कुठे घाई आहे?" चौदा महिन्यांत मला पहिल्यांदा एखाद्या जागी हलकं वाटलं. बाहेर आलो तर तिघी बसथांब्यावर नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या. धाकटीने विचारलं, "बाबा, आपण इथे कुणाच्या शिक्षेसाठी आलोय?"

आता मार्कांचं सांगतो. आमच्याकडे काहीही ठरवायचं तर मार्क द्यायची पद्धत. ही पद्धत हिनेच, मुलींच्या आईने, काढली. पडद्यांचा रंग असो नाहीतर सुट्टीत कुठे जायचं ते असो, प्रत्येकाने चिठ्ठीवर दहापैकी मार्क लिहायचे, चिठ्ठी स्टीलच्या डब्यात टाकायची, बेरीज करायची, आणि जे येईल त्यावर कोणी तोंड उघडायचं नाही. चिठ्ठीवर नाव नसतं. ती गेल्यावर आम्ही डबा काढलाच नव्हता. काही ठरवलंच नव्हतं. शेवटी रविवारी दुपारी मी म्हटलं, पुरे झाली कटकट, उद्या फॉर्म द्यायचाय, तिन्ही गावांना मार्क द्या आणि मोकळं करा मला.

एकेक जण आत जाऊन चिठ्ठी टाकून आला. मी डबा उघडला. चार चिठ्ठ्या निघायला हव्या होत्या. आठ निघाल्या.

"कोणी चावटपणा केलाय?" मी विचारलं.

 धाकटी टेबलाखाली पाय हलवत होती.

मी चिठ्ठ्या सरळ केल्या. चारांवर नुसते आकडे. उरलेल्या चारांवर आकड्यांच्या वर काहीतरी लिहिलेलं. दोन चिठ्ठ्यांवर 'आई', दोन वेगळ्या अक्षरांत. एकीवर 'माझी लेक'. आणि एकीवर 'ही'.

'ही' माझी होती. मला वाटलं होतं की मी एकटाच असं करतोय.

थोरलीने पटकन चिठ्ठ्या माझ्याकडून ओढून घेतल्या आणि वाचायला लागली. "ही माझी आहे. आईचे उताराला दहा. मी काही मनाचं लिहिलेलं नाही. ती मला म्हणाली होती, तू डोंगरात शिकायला जा, मीसुद्धा येते तुझ्याबरोबर."

"मला म्हणाली होती," सासूबाई म्हणाल्या, "आई, तुला समुद्राकाठी घेऊन जाईन. हॉस्पिटलात म्हणाली. शुद्धीत होती."

"आणि ही कोणाची?" थोरलीने पुढची चिठ्ठी उचलली. "तिन्ही गावांना शून्य, खाली चौथी ओळ घालून 'इथेच', दहा."

"माझी," धाकटी म्हणाली.

"अगं, इथेच हे यादीत नाहीये," थोरली म्हणाली.

"आईला कुठे माहीत होती यादी? ती म्हणाली होती, आपण कुठ्ठे जायचं नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे बाईने प्रत्येकाला वेगळं सांगितलं होतं! जो जे मागेल त्याला हो. आयुष्यभर तिने हेच केलं. दुकानात मला म्हणायची निळा छान आहे, आणि वळून आईला म्हणायची हिरवा छान आहे. भांडण नको म्हणून. आणि आता आम्ही चौघं इथे एकमेकांच्या उरावर बसलोय ते निस्तरायला. मला तिचा इतका राग आला की वाटलं, स्वयंपाकघरात जावं आणि तिला विचारावं, काय गं, हा काय प्रकार आहे? अर्धा उठलोसुद्धा. मग परत बसलो.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी 'ही' लिहिलेली चिठ्ठी उचलली, डोळ्यांपासून लांब धरून वाचली. "बटाट्याच्या गावाला दहा? माझ्या लेकीने?"

"ती एकदा म्हणाली होती, सपाट गाव..."

"धूळ उडाली की तिला वीस वीस शिंका यायच्या. खोटं बोलू नका." मग त्यांनी नुसत्या आकड्यांची एक चिठ्ठी शोधून काढली. पाच, पाच, पाच. "ही पण तुमचीच. स्वतःला काही नको, सगळं तिला हवंय. जावईबापू, मुली लहान आहेत, त्यांनी केलं तर समजू शकते. तुम्ही किती दिवस तिच्या पदराआड लपणार?"

"आणि तुम्ही काय केलंत? 'माझी लेक'!"

"मी म्हातारी आहे. मला चालतं."

थोरली हसली. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, बरं, ऐका तर मग. आणि हॉस्पिटलच्या लिफ्टचं सगळं सांगितलं. मंगळवार, चौथा मजला, एकोणीस सेकंद. सांगताना मी डब्याचं झाकण लावत होतो आणि काढत होतो. सासूबाईंनी ते माझ्या हातून काढून घेतलं.

"दर महिन्याला?" त्या म्हणाल्या.

"दुसऱ्या मंगळवारी."

"म्हणून त्या रात्री ताटात अन्न टाकता. आणि मी इतके महिने समजतेय की माझ्या हाताला चव राहिली नाही."

"रूट बदलून माग ना मग, दुसऱ्या इमारती घे!" थोरली जवळजवळ ओरडली. "एवढं काय त्यात?"

"मागितला. साहेब म्हणाले कारण सांग."

"सांगायचं की कारण!"

"तुम्हाला नाही सांगितलं ते त्यांना सांगू?"

"पण आम्हाला का नाही सांगितलंस? तीन रविवार, बाबा! तीन! त्या धुळीत मला बसवून ठेवलंस!" ती रडत होती आणि चिडलेलीही होती, आणि मला ते बरं वाटलं. चौदा महिने ती माझ्याशी फार जपून बोलत होती.

धाकटी विचार करून म्हणाली, "मग आता सांग साहेबांना. तुझी ती लिफ्ट दुसऱ्याला देतील. आपण इथेच राहू."

हे सगळ्यात अवघड होतं, कारण ती चुकीचं बोलत नव्हती. मी म्हटलं, "लिफ्ट दुसऱ्याला दिली तरी आपली बस त्या फाटकासमोरूनच जाते. खालचा औषधवाला अजून मला विचारतो, आज काय देऊ. मला इथे राहायचं नाही. आई म्हणाली होती म्हणून नाही. तिने काय सांगितलं होतं ते मला माहीत नाही. मला जायचंय. मला."

असं मी घरात कधी बोललो नव्हतो. बोलल्यावर अवघडल्यासारखं झालं, जणू कोणाच्या तरी वाटणीचं उचलून घेतलं.

"त्या बटाट्यांत," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

 मग थोरलीने मोबाईल काढला आणि नाक ओढत बसचं वेळापत्रक बघायला लागली. "तिथून उताराच्या कॉलेजला एक तास दहा मिनिटं. सकाळी सहाची बस. सहाची!" तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ती बस सहाला ठेवली आहे. "डबा तू करून द्यायचास. आजी नाही."

"मी आहेच कुठे तिथे?" सासूबाई म्हणाल्या. "मला कोणी विचारलंय का?"

"तुम्ही याल का?" मी विचारलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न मी त्यांना खरंच विचारला नव्हता. त्या राहतील असं धरून चाललो होतो.

त्यांनी उत्तर द्यायला वेळ लावला. मुद्दाम लावला असणार. "घर मी बघणार. तळमजला. खिडक्यांना जाळ्या, आणि धूळ पुसायचं काम तुमचं. समुद्र वर्षातून एकदा, आठ दिवस, तुमच्या खर्चाने." मग म्हणाल्या, "त्या गावाला मी दोन मार्क देते, दोनच. पण येते."

"मी शून्य देते," धाकटी म्हणाली.

"दे."

"आणि येणार नाही."

"ते चालायचं नाही."

ती उठून आत गेली आणि दार आपटलं. आतून म्हणाली, "मांजरं दोन लागतील!" थोरली म्हणाली, जाऊ दे, मी बघते. पण ती गेली नाही, माझ्याशेजारीच बसून राहिली, कारण फॉर्म समोर होता आणि मी बटाट्याच्या गावाचं नावच चुकीचं लिहायला घेतलं होतं.

"बाबा, थांब," ती म्हणाली. "अरे, पेन दे इकडे."