रानाची काडी

प्रभाकर खांबेटे सरांनी पुनर्विकासाच्या कागदावर सही केली, तेव्हा बिल्डिंगमागचा आंबा तुटणार हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. उगाच दुसऱ्या कुणाला बोल लावण्यात अर्थ नव्हता. चौथा मजला, लिफ्ट नाही, चित्राबाईंचे गुडघे पार गेलेले. बाई आठ महिन्यांत खाली उतरल्या नव्हत्या. झाड मोठं की बायको? सही केली, पेन खिशाला लावलं, आणि मग दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही.

तसा तो आंबा कुणाच्या लाडाचा नव्हता. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असताना, पस्तीस वर्षांपूर्वी, अंदमानच्या घनदाट पावसाळी जंगलातून त्यांनी नऊ कोयी ओल्या पंच्यात गुंडाळून आणल्या होत्या. आठ सडल्या, एक उगवली. आपल्या हापूस-पायरीचा रानातला चुलता म्हणा ना. पण जात वेगळी. पान लांबुडकं नि अरुंद, फळ लिंबाएवढं, आंबटढाण, आत नुसते दोरे. डोंबिवलीत असा दुसरा नव्हता, आणि सरांना तो कुठे का होईना, जगायला हवा होता. बस्स.

कॉलेजला विचारलं, तर जागा नाही म्हणे. पालिकेच्या बागेवाले म्हणाले, अर्ज ऑनलाइन करा. केला. त्याचं पुढे काय झालं, देव जाणे! सर विचारून विचारून दमले. शेवटी चित्राबाईच म्हणाल्या, "अहो, झाड कशाला हलवताय? काडी हलवा. मानपाड्याचा तो गणू कलमं करतो ना?"

गणू आगरी, सरांच्याच वयाचा. शेती सगळी कंपन्यांच्या नि बिल्डिंगांच्या खाली गेली, उरल्या तुकड्यावर नर्सरी. ऐकून तो खो खो हसला.

"सर, तुमी मना उलटंच सांगताव! जल्म गेला रानटी रोपाची मुंडी छाटून हापूसची काडी बांधन्यात. आता हापूसच्या रोपावर रान बांधू? लोक बोलतील, गनू म्हातारा येरा झाला."

"मग लोकांना सांगू नका, गणूभाऊ."

हेच चुकलं. गणूनं शब्द पाळला. स्वतः येऊन काड्या कापून नेल्या, बारा रोपांवर बांधल्या, आणि नर्सरी जिच्या जिवावर चालते त्या सुनेला, कल्पितालासुद्धा, चकार शब्द बोलला नाही. बारातली नऊ काळी पडली. महिन्याभरानं त्याचा फोन आला, "तीन लागली, सर! फुटवा आलाय." सर तेव्हा भाड्याच्या घरात सामान लावत होते. त्यांनी चित्राबाईंना दोनदा सांगितलं.

झाड पडलं त्या दिवशी ते मुद्दाम बघायला गेले. करवत लागली तेव्हा त्यांनी मान वळवली. पण तीन आहेत, तीन आहेत, असं मनाशी म्हणत ते चहा न पिताच घरी आले.

मग गणू तापानं पडला, चांगला तीन आठवडे. तो उठून बसायला लागला असं कळल्यावर सर रिक्षानं मानपाड्याला गेले. गणू लांब शेडखाली खाटेवर होता. कल्पितानं हौसेनं तीन कुंड्या पुढे आणून ठेवल्या.

"बघा सर, कशी टरारलीत!"

सरांनी चष्मा सारखा केला. पानं रुंद होती. चांगली, नेहमीच्या आंब्याची.

"वरचा फुटवा कुठे गेला?"

कल्पितानं मागे शेडकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सर, आबांना सांगू नका हां. त्यांना हल्ली नीट दिसत नाही. चुकून कसल्यातरी रानाची काडी बांधलेली त्यांनी. पान बघूनच मी ओळखलं. वरचं सगळं छाटलं नि खालून हापूसचा फुटवा आलेला, तो ठेवला. घरात कुणाला बोलले नाही मी. त्यांना किती लागलं असतं!"

सर पालथ्या कुंडीवर बसले.

"छाटलेलं कुठंय?"

"शेळीला घातलं. झाले की पंधरा दिवस."

राग आला. खूप आला. पण ओरडायचं कुणावर? ही पोर म्हाताऱ्याची लाज झाकत होती. सर फार थकले होते. पस्तीस वर्षं, आणि आता हे सगळं समजावून सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सांगायला हवं होतं.

"काय सर," खाटेवरून गणू ओरडला, "जगली ना तिन्ही?"

कल्पिता जीव मुठीत धरून सरांकडे बघत होती.

"जगली, गणूभाऊ!" सर मोठ्यानं म्हणाले. "तिन्ही जगली!"

मग त्यांनी तिन्ही कुंड्या रिक्षात ठेवायला लावल्या. भाड्याच्या घरात कुंड्यांना जागा नव्हती. पण एक जरी मागे राहिली असती, तरी गणूनं उठून पान चाचपून पाहिलं असतं.