जागं कापड

दुसरं कापड आलं तेव्हा पहिल्यावर हात टेकवणं सुरू झालं होतं.

पान रुंतूचा देह अंगणातल्या पूर्वेच्या ओट्यावर होता. त्यावर अक्षरांनी आणि आकृत्यांनी भरलेलं पांढरं कापड, काजांग, पसरलं होतं. धाकटा मुलगा सेंदर, त्याची बायको, चुलत भावंडं एकेक करून गुडघ्यांवर पुढे सरकत होती, उजवा तळहात कापडावर दाबत होती आणि मागे होत होती. हाताची ऊब लागली की आतल्याची खात्री पटते, माणसं आपलीच आहेत. बाहेर रस्त्यावर प्रेत वाहून न्यायचा, कागदी फुलांनी मढवलेला मनोरा उभा होता आणि त्याच्या बांबूंशी आम्ही आळीतले सगळे बाप्ये कंबर कसून तयार होतो.

तेवढ्यात एक काळी गाडी दाराशी थांबली आणि थोरला मुलगा रुंतू उतरला. डोक्यावर पितळी तबक, तबकात घडी केलेलं दुसरं काजांग. त्याच्यामागे एकसारखे शर्ट घातलेली चार माणसं, छातीवर नव्या कुळाच्या मंडळाचा बिल्ला. चौघांच्याही डोळ्यांवर काळे चष्मे होते. प्रेताला बघायला येताना काळा चष्मा का लावतात हे आमच्या आळीला कळलं नाही, पण त्यामुळे माणूस अधिक कुलीन दिसतो हे खरं.

"ते काढ," रुंतू धाकट्याला म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

सेंदरचा तळहात कापडावर होता. त्याने तो उचलला नाही.

काजांग म्हणजे मेलेल्या माणसाचा पत्ता. प्रत्येक कुळाचं मूळ मंदिर वेगळं, त्या मंदिरातून येणारं कापड वेगळं आणि कापडावरच्या खुणा वेगळ्या. पलीकडे पोचल्यावर वाडवडील तोंडाकडे बघत नाहीत, कापडाकडे बघतात. खुणा जुळल्या तर आत घेतात. नाही जुळल्या तर "हे आमच्यातले नव्हेत" म्हणून दार लावतात. मग तो बिचारा परत येऊन घराच्या आढ्यावर बसतो आणि नातवंडांना ताप आणतो. एका देहावर दोन कुळांची कापडं घालायची सोय नाही. दोन पत्ते लिहिलेलं पार्सल कुठेच पोचत नाही, एवढं आमच्या पोस्टमनलासुद्धा ठाऊक आहे.

पान रुंतूच्या घरात दोन कुळं शिरली ती अशी. थोरल्याचा देनपासार शहरात गाड्या भाड्याने द्यायचा धंदा होता. तो बसला. मग त्याच्या मुलीला ताप येऊ लागला, डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, ताप जाईना. शेवटी तो एका अंगात येणाऱ्या बाईकडे गेला. तिच्या तोंडून एक पूर्वज बोलला की तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या चुकीच्या मंदिरात हात जोडताय, तुमचं मूळ कुळ दुसरंच आहे, समुद्र ओलांडून आलेल्या सरदारांचं. असं आमच्याकडे पुष्कळांचं होतं. अंगात येणारा पूर्वज नेहमी सरदार नाहीतर राजपुत्रच निघतो. डुकरं राखणाऱ्या पूर्वजांना बहुधा वेळ मिळत नसावा. रुंतूने नव्या मंदिरात जाऊन डोकं टेकलं आणि मुलीचा ताप उतरला. आता ताप उतरलेल्या मुलीच्या बापाशी वाद कसा घालणार?

पान रुंतूने घातला. तो न्हावी होता. आळीच्या सभामंडपाच्या कोपऱ्यात त्याची खुर्ची होती, आणि डोकं हा माणसाचा सगळ्यात पवित्र भाग असल्यामुळे तो प्रत्येक गिऱ्हाइकाची आधी माफी मागायचा आणि मग कात्री चालवायचा. आमच्याकडे मूल झालं की आईबापांची नावं पुसली जातात आणि थोरल्या मुलाच्या नावाने हाक सुरू होते. रुंतूचा बाप तो पान रुंतू, आई ती मेन रुंतू. ज्या मुलाच्या नावाने तो जन्मभर ओळखला गेला त्याच मुलाशी तो अखेरची दोन वर्षं बोलत नव्हता.

ही मेन रुंतू ओट्याच्या पायथ्याशी, नवऱ्याच्या पायांकडे बसली होती. बुटकी, काटक बाई. पहाटे ताडाच्या पानांच्या परड्या विणायच्या, त्यात फुलं आणि भाताचे दाणे ठेवायचे, घरातल्या देव्हाऱ्यापासून चुलीपर्यंत सगळीकडे एकेक परडी मांडायची, मग टोपलीत काळ्या तांदळाची खीर घेऊन बाजार गाठायचा. लग्न होऊन आल्यापासूनचे तिचे सगळे दिवस असे गेले. त्या परड्या ज्यांना पोचायच्या ते नवऱ्याचे वाडवडील. तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण जेवायला मात्र रोज तिनेच घातलं होतं.

ती रडत नव्हती. देहावर आसवं पडली तर जाणाऱ्याची वाट निसरडी होते, म्हणून कुणीच रडत नव्हतं. पण तिची अडचण वेगळी होती आणि ती आम्हा सगळ्यांना माहीत होती. नवऱ्याच्या शेवटच्या आठवड्यात ती त्याची दाढी करत असताना त्याने वस्तरा धरलेला हात थांबवला होता आणि म्हटलं होतं, "ते मुकुटाचं कापड माझ्या अंगावर पडू देऊ नकोस. आजोबांना काय तोंड दाखवू?" तिने हो म्हटलं होतं. आमच्या आळीच्या भिंती बुटक्या आहेत.

सेंदरने जुन्या मंदिरातून कापड आणलं ते त्या शब्दावर. पण वडिलांच्या देहावर काय घालायचं हा हक्क थोरल्याचा. आळीचा नियम तसा, पोथीही तशीच. आणि थोरला आता तबक घेऊन दारात उभा होता.

आळीप्रमुख केतुत गेजिर मध्ये पडला. भांडण मिटवायची त्याची पद्धत म्हणजे वेळ काढणे. दोन्ही कापडं शेजारी शेजारी धरा, बघू तरी फरक काय आहे, असं तो म्हणाला. जुनं काजांग देहावरून काही काढलं नाही. नवं मात्र बायकांनी त्याच्या बाजूला ताणून धरलं, आणि आम्ही मनोरा सोडून माना पुढे केल्या.

मधोमध दोन ओंकार. एक सरळ, एक उलटा, दोघांची टोकं एकमेकांना भिडलेली. दोघांच्याही डोक्यावर चंद्रकोर, बिंदू आणि चांदणी: कोर म्हणजे पाणी, बिंदू म्हणजे अग्नी, चांदणी म्हणजे वारा. माणूस येतो तो सरळ ओंकारातून, जातो तो उलट्यातून. भोवती आठ पाकळ्यांचं कमळ, दर पाकळीला एक दिशा, दर दिशेला एक देव आणि त्याचं अक्षर. इथपर्यंत दोन्ही कापडं जुळी भावंडं. फरक फक्त डोक्याकडे. जुन्यावर कमळाची मिटलेली कळी, नव्यावर मुकुट आणि दोन बाजूंना दोन नाग.

चष्म्यातल्या एकाने फोन काढून मुकुटाचा अर्थ वाचून दाखवला. सेंदरच्या मित्रानेही फोन काढला आणि कळीचा अर्थ वाचला. दोन्ही अर्थांचा पहिला अर्धा भाग शब्दाशब्दाने एकच निघाला. पुढे एकाचं म्हणणं होतं की मुकुट सगळ्यात प्राचीन, दुसऱ्याचं की राजे जन्मले नव्हते तेव्हाही कळी होती. गेजिरने गंभीरपणे मान हलवली. त्याला दोन्ही पटलं होतं.

"बापा न्हावी होता, ब्ली," सेंदर थोरल्या भावाला हाक मारून म्हणाला. "लोकांच्या डोक्यावरचं उतरवण्यात जन्म गेला त्याचा. त्याच्या डोक्यावर तू मुकुट चढवणार?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला आल्यासारखं केलं.

"तो न्हावीच का राहिला, हे विचारलंस कधी?" रुंतू म्हणाला. "चुकीच्या दारात बसलो आपण. आता त्यालाही तिथेच धाडतोस. तो तिकडे भटकत राहिला तर ताप तुझ्या पोराला येणार नाही, माझ्या पोरीला येईल."

हे बोलताना त्याच्या डोक्यावरचं रिकामं तबक हलत होतं. तो घाबरलेला होता. नुसता मोठेपणा असता तर आम्ही त्याला केव्हाच गप्प केलं असतं, पण भ्यालेल्या बापाला गप्प कसं करायचं हे आळीच्या नियमांत नाही.

त्याने तबक खाली ठेवलं आणि जुन्या कापडाचं टोक धरलं. सेंदरने दुसरं धरलं. कापड देहावरून दोन बोटं उचललं गेलं. झांजा वाजवणारे थांबले. आमच्यातल्या काहींनी बांबू सोडले आणि अंगणात पावलं टाकली. चष्मेवालेही पुढे झाले.

गेजिरने तेव्हा जन्मातलं पहिलं झटपट वाक्य उच्चारलं. सूर्य डोक्यावर यायच्या आत ठरवा, नाहीतर आळी बांबू खाली ठेवून घरी जाईल. हे ऐकून सगळ्यांचेच चेहरे उतरले. आळीने बांबू खाली ठेवला की प्रेत घरातच राहतं. शेजारचा कुणी ते उचलत नाही, आणि घरच्यांना त्यानंतर आळीत कुणी पाणीही विचारत नाही.

सगळ्यांनी पदंडांकडे बघितलं. म्हातारे पुरोहित उंच मचाणावर बसले होते आणि घंटा हातात घेऊन केव्हाचे थांबले होते. ते म्हणाले की हक्क थोरल्याचा आहे. सेंदरच्या हातातलं टोक सैल झालं. मग पदंडांनी घसा साफ केला आणि आणखी एक गोष्ट सांगितली. दोन्ही कापडं आपापल्या मंदिरात मंत्र घालून जागी केलेली आहेत. जागं झालेलं कापड परत निजवता येत नाही. मंदिर ते परत घेणार नाही, आणि ते नुसतं जाळलं तर माणसावाचून माणसाचा अंत्यविधी केल्यासारखं होईल. तेव्हा यातलं जे उरेल त्याला माणूस लागेल.

अंगणात कुणी कुणाकडे बघेना. चष्मेवाल्यांपैकी एकजण हळूच गाडीकडे सरकला.

"मी आहे की," मेन रुंतू म्हणाली.

तिचा आवाज इतका रोजचा होता की पहिल्यांदा कुणाला समजलंच नाही. ती उठली, थोरल्याजवळ गेली आणि त्याच्या बोटांतून जुन्या कापडाचं टोक सोडवून घेतलं. त्याने सोडू दिलं.

"हे त्याला राहू दे. मी शब्द दिलाय. तुझं ते मला ठेव. माझी वेळ येईल तेव्हा घाल."

"मेमे, तुला कळतंय का काय बोलतेस?" सेंदर म्हणाला. "तू एका दारात जाशील, बापा दुसऱ्या. तिकडे भेट व्हायची नाही."

"ठाऊक आहे."

"मग?"

"लग्नात माझ्या वाडवडलांचा निरोप घेऊन आलेच होते ना मी? तुमच्यावर नाही आली ती पाळी कधी. बाईला सवय असते." मग ती थोरल्याकडे वळली. "तुझ्या त्या सरदारांना कुणीतरी आपलं माणूस हवंय ना तिकडे? मी जाईन. पोरीला ताप देऊ नका म्हणून मीच सांगेन. पण आज तुझ्या बापाला खांदा तू द्यायचास, पुढून."

रुंतू पदंडांकडे बघत राहिला, कारण एवढं मोठं काहीतरी फुकट मिळालं की माणसाला त्यात खोट असावीशी वाटते. बाईला मुलाच्या कुळातून जाता येतं का, असं त्याने विचारलं.

पदंडांनी घंटा मांडीवर ठेवली. "येत नाही, असं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही," ते म्हणाले. त्यांनी एवढं सगळं वाचलेलं आहे का, हे विचारायची ती वेळ नव्हती. कापड घरच्या देव्हाऱ्यात थांबेल, रोज त्याच्यापुढे एक परडी ठेवायची, असंही त्यांनी सांगितलं. परड्या कोण विणणार हे उघडच होतं.

रुंतू गुडघ्यांवर आला. जुन्या कापडावर, कळीच्या खाली, बापाच्या छातीवर त्याने उजवा तळहात ठेवला आणि दाबला. इतरांपेक्षा त्याला जास्त वेळ लागला. त्याच्यानंतर मेन रुंतूने ठेवला. तिने दाबला नाही, सुरकुती काढावी तसा एकदा कापडावरून फिरवला आणि घेतला.

पदंडांची घंटा वाजली. आम्ही देह उचलून मनोऱ्यावर चढवला. पुढच्या बांबूला डावीकडे रुंतू, उजवीकडे सेंदर. दोघे एकमेकांकडे बघत नव्हते, पण पाय एका तालात पडत होते. बांबू खांद्यावर असला की ते आपोआपच होतं.

मेन रुंतूला मिरवणुकीत पुढे असायला हवं होतं. ती दिसेना म्हणून मला परत धाडलं. रिकाम्या ओट्यापाशी ती उभी होती आणि तबकातून आलेलं कापड एकटीच घडी करत होती. मुकुटाकडचं टोक तिने हनुवटीखाली धरलं होतं. कापड तिच्या पायांपर्यंत गेलं आणि पुढे जमिनीवर हातभर पसरलं. ते तिच्या नवऱ्याच्या मापाचं होतं.

माझ्यामागून आलेली सेंदरची बायको म्हणाली की तेवढं कापून टाकू.

"नको," ती म्हणाली, "अक्षरं तुटतील." आणि वाकून तिने जास्तीचं कापड पायाकडून आत दुमडलं.