पालथ्या फरशीवरचा वाघ

मित्रांनो, मी एक जुनी शहाबादी फरशी आहे आणि स्वभावाने भित्री आहे. दगड घाबरत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही कधी छिन्नी खाल्लेली नाही.

नेकनूरला बसप्पांच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर माझं आयुष्य गेलं. बसप्पा तरुण होते तेव्हा त्यांनी माझ्या अंगावर वाघ-बकरीचा पट कोरून घेतला. उभ्या, आडव्या, तिरप्या रेघा, आणि रेघा भेटतात तिथे बोटाचं टोक बसेल एवढे खळगे. दर घावाला माझा जीव गोळा होत होता. पण पुढे बाजारच्या दिवशी माझ्याभोवती माणसं दाटायची. सुपारी म्हणजे वाघ, चिंचोके म्हणजे बकऱ्या. वाघाने बकरीवरून उडी मारून तिला खायचं आणि बकऱ्यांनी मिळून त्याची वाट अडवायची. असा पट पंचक्रोशीत नाही, म्हणून लोक माझी तारीफ करत.

मग काचबिंदूने बसप्पांची नजर गेली. खेळ मात्र सुटला नाही. बोटांनी खळगे चाचपत ते नात प्रणिताला शिकवू लागले. शिकणाऱ्याने आधी बकऱ्या घ्यायच्या, वाघ मिळेल तो शेवटी, असा त्यांचा कायदा. प्रणिता हरायची, रुसायची आणि पुन्हा येऊन बसायची. एकदा तिने माझ्या कडेला खडूने एक जादा खळगा काढला आणि एकाच रेघेने तो पटाला जोडला. ती म्हणे विहीर. वाघ तिच्यात उतरला की त्याने एक खेळी थांबायचं. बसप्पांनी नीट ऐकून घेतलं आणि खडू पुसायला लावला. वाडवडिलांच्या खेळात विहिरी खणायच्या नाहीत, असं त्यांनी बजावलं.

यंदा संगमेशने, म्हणजे प्रणिताच्या वडिलांनी, ओट्यावर चकचकीत टाईल्स बसवायचं काढलं. मला उचटून भिंतीला टेकवलं. समोर माझ्या शेजारणी एकेक करून हातोड्याखाली फुटत होत्या. पुढचा नंबर माझा होता. मला नुसती धडकी भरली होती. तेवढ्यात प्रणिता आडवी आली आणि आजोबा आता कशावर खेळणार, असं तिने विचारलं. संगमेश वरमला. दुकानासमोरच्या लिंबाखाली विटांचा कट्टा बांधून त्यावर मला बसवायला त्याने सटवा गवंड्याला सांगितलं. वाचले बाई, असं मला वाटलं.

पण खरवडलेली बाजू खाली आणि साफ बाजू वर, हा गवंड्याचा शिरस्ता. सटवाने अगदी मनापासून काम केलं. मला पालथं घातलं, तोंड ओल्या सिमेंटमध्ये. रेघांमध्ये गारवा शिरत गेला, खळगे बुजत गेले. अंधारात मी इतकी घाबरले की माझा मीपणाच गेला असं वाटलं.

सिमेंट सुकल्यावर बसप्पा येऊन बसले. त्यांनी हात फिरवला. पुन्हा फिरवला. त्यांचा चेहरा पार उतरला.

“सटवा, रेघा कुठं गेल्या रं?”

सटवाने जीभ चावली. “खाली गेल्या, अप्पा. आता उचटली तर तुकडे व्हतील.”

प्रणिता म्हणाली, उचटू नका, वरच्या अंगाला नवा पट कोरा. बसप्पा ओल्या बोटाने रेघ ओढत गेले आणि ती वाळायच्या आत सटवा तिच्यावर खडू फिरवत गेला. मग छिन्नी लागली. मी आता म्हातारी झाले आहे, एक घाव वेडावाकडा पडला असता तर मी संपले असते. शेवटच्या खळग्याशी बसप्पांचं बोट थांबलं, आणि हळूच कडेला सरकलं.

“हितं पोरीची विहीर काढ.”

पहिल्याच डावात प्रणिताने विहिरीच्या तोंडाशी एक बकरी मुद्दाम सोडली. बसप्पांच्या वाघाने ती खाल्ली आणि तो थेट विहिरीत पडला. तो थांबला तेवढ्यात दोन बकऱ्या एकीमागे एक तोंडाशी येऊन बसल्या, आणि दोघींवरून एकदम उडी मारता येत नाही. बसप्पांनी सगळीकडून चाचपून पाहिलं. वाट नव्हती.

“अडकला की गं,” ते म्हणाले आणि सुपारी तिच्या हातात ठेवली. “आता वाघ तू घे.”

मित्रांनो, सटवाची हत्यारांची पिशवी वाजली की मी अजून घाबरते. म्हणून एवढंच मागते. जुनं काही उचटण्याआधी डोळे मिटून त्याच्यावर एकदा हात फिरवून बघा.